तिसऱ्या बाकावरची जागा

नातवंडांनो, हे मी आत्ताच लिहून ठेवते आहे. यातली चूक माझी आहे, आणि ज्यांच्या बाबतीत ती झाली त्या तुमच्या आत्याआजी अजून समोरच्या खुर्चीत बसल्या आहेत. मी काही गाळलं तर त्या पकडतील. उद्या आमच्यापैकी एकच उरली तर गोष्ट एकतर्फी होईल. शिवाय तुम्ही आम्हाला फक्त फोनच्या पडद्यावर बघता, चांगल्या साड्या नेसलेल्या आणि हसऱ्या. आम्ही एका घरात राहून वर्षभर एकमेकींना किती कमी ओळखलं, हेही तुम्हाला ठाऊक असावं.

आत्याआजी म्हणजे तुमच्या आजोबांची धाकटी बहीण. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून डाव्या पायाला लोखंडी पट्ट्या आणि काखेत कुबड्या. तशाच त्या टेलिफोन खात्यात नोकरीला लागल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. मी मिरजेहून लग्न होऊन इकडे कानडी मुलखात, सरस्वतीपुरमच्या या घरात आले तेव्हा त्या इथे होत्याच. आजोबा गेल्यावर आम्ही दोघीच उरलो. त्या मला वहिनी म्हणतात, मी त्यांना वन्सं. बोलणं मराठीत, पण त्या चिडल्या की अर्धं वाक्य कानडीत जातं.

चर्चमध्ये डावीकडचा तिसरा बाक त्यांचा. शेजारी मी आणि त्यांची मैत्रीण, एक निवृत्त नर्सबाई. नर्सबाई मोठ्यांदा आणि बेसूर गातात, आत्याआजी त्यांना कोपराने ढोसतात, आणि दोघींचं भांडण फाटकापर्यंत पुरतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे, तेव्हा एकेक बाक उठून पुढे जायचा. दोन पायऱ्या चढून वेदीपुढच्या कठड्याशी सगळे गुडघे टेकायचे आणि पाळकसाहेब ओळीने भाकर आणि प्याला द्यायचे. आत्याआजींना गुडघे टेकता येत नसत. त्या कठडा धरून उभ्या राहायच्या. पण ओळीत असायच्या.

सत्तरीनंतर त्यांच्या खांद्यांनी साथ सोडली आणि चाकांची खुर्ची आली.

मी तेव्हा चर्चच्या कमिटीची सेक्रेटरी होते. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. बाजूच्या दाराला सिमेंटचा उतार करून घेतला. त्या दारापाशी, शेवटच्या बाकामागे, छत्र्यांचा स्टँड हलवून जागा मोकळी केली, पंखा लावला, आणि भिंतीवर कानडी आणि इंग्रजीत पाटी: 'अपंग व वृद्धांसाठी राखीव'. अक्षरं मी स्वतः पट्टीने आखून दिली होती. पायऱ्या चढता येत नाहीत, तर सगळ्यांचं झाल्यावर पाळकसाहेबांनी मागे येऊन भाकर द्यावी, असंही मीच ठरवलं. कमिटीने माझं कौतुक केलं. मलाही बरं वाटलं.

आत्याआजी चार महिने त्या पाटीखाली बसल्या. मग एका रविवारी सर्दी झाली. पुढच्या रविवारी पाठ दुखली. मग टीव्हीवर उपासना बघते म्हणाल्या. असे कितीतरी रविवार गेले. मी मनात म्हटलं, वय झालं, उत्साह कमी झाला. नर्सबाई दर रविवारी मला विचारायच्या, "ती कुठे आहे?" आणि मी सांगायचे, "बरं नाही."

डिसेंबर लागला. अवरेकाळूचे, म्हणजे आपल्या पावट्यांचे दिवस. रविवारी सकाळी आत्याआजी स्वयंपाकघरात परात मांडीवर घेऊन भिजवलेल्या दाण्यांची सालं काढत होत्या.

"वन्सं, रिक्षा नऊला येईल. तुमची साडी पलंगावर काढून ठेवलीय."

"घडी घालून परत ठेवा."

"बरं वाटत नाहीये का?"

"छान वाटतंय. म्हणून तर घरी बसलेय."

"अहो, नाताळ आला. लोक काय म्हणतील?"

"लोकांना मी दिसतच नाही, वहिनी. माझ्याकडे सगळ्यांची पाठ असते. तुमच्या त्या पाटीखाली बसलं की स्टेशनवर राहिलेलं सामान वाटतं मला. कुणीतरी ओळख पटवून घेऊन जावं."

"मी तुमची सोय व्हावी म्हणून केलं."

"अय्यो, कुणाची सोय?" दाणा परातीत टणकन पडला. "सगळ्यांचं जेवण होतं. गाणं संपतं. मग चर्च गप्प, आणि पाळकसाहेबांचे बूट करकर करत पार मागपर्यंत येतात. मी चावते ते अख्खी मंडळी ऐकते. घरपोच गॅस आल्यासारखं. बेडा! मला घरपोच नको."

बेडा म्हणजे नको. त्या दिवशी मला ते कुणी भाषांतर करून सांगावं लागलं नाही.

मी गॅस बंद करून स्टुलावर बसले. गवंड्याला विचारलं होतं, पाळकसाहेबांना विचारलं होतं, पंखेवाल्यालासुद्धा दोनदा विचारलं होतं. आणि जिच्यासाठी केलं ती बाई रोज सकाळी माझ्यासमोर बसून इडली खात होती.

"मग तुम्हाला काय हवं?" मी विचारलं. एवढा साधा प्रश्न, वर्षभराने.

"माझा बाक. आणि ओळीतला माझा नंबर." मग जरा थांबून म्हणाल्या, "ते नाही जमलं तर मी परत येणार नाही, वहिनी. रागाने नाही सांगत. मला तिथं पाहुणी म्हणून बसायचं नाही."

त्या हे शांतपणे म्हणाल्या, म्हणून मला भीती वाटली. ज्या चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला ते त्यांनी मनातून सोडायला घेतलं होतं.

खुर्ची मधल्या वाटेत ठेवली तर वाट अडते. म्हणजे तिसरा बाक एका टोकाने कापायला हवा, साधारण तीन फूट. अडचण अशी की आमच्या चर्चमधला प्रत्येक बाक कुणाच्या तरी स्मरणार्थ दिलेला आहे. तिसरा बाक कमिटीतल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी त्यांच्या आईच्या नावाने दिलेला, आणि पितळेची पट्टी नेमकी त्याच टोकाला.

मीटिंगमध्ये मी विषय काढला. ते गृहस्थ म्हणाले, "आईच्या नावावर करवत चालवू? मागे इतकी छान जागा केली आहे. उतार आहे, पंखा आहे. तुम्हीच तर केलीत, मॅडम!" गेल्या वर्षीच्या इतिवृत्तात माझ्याच अक्षरात हे सगळं लिहिलेलं होतं.

पाळकसाहेब म्हणाले, "त्यांनाच बोलवा ना पुढच्या मीटिंगला." तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं की कमिटीची खोली वरच्या मजल्यावर आहे.

म्हणून पुढची मीटिंग खाली अंगणात, बदामाच्या झाडाखाली खुर्च्या टाकून झाली. आत्याआजी आपली खुर्ची घेऊनच आल्या होत्या, आणि तसं त्यांनी बोलूनही दाखवलं. हसावं की नाही, लोकांना कळेना. मग आत्याआजी त्या गृहस्थांकडे वळल्या.

"तुमच्या आईंना विचारता येत नाही, म्हणून तुम्हाला विचारते. कापू का?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "विचार करून सांगतो," म्हणाले. नाही म्हणाले असते तरी मी त्यांना वाईट म्हटलं नसतं. आईची तेवढीच एक वस्तू त्यांनी तिथं ठेवली होती.

दोन आठवडे काही कळलं नाही. नाताळही तसाच गेला, आणि आत्याआजी घरीच राहिल्या. मग जानेवारीतल्या एका शनिवारी पाळकसाहेबांनी मला बोलावून घेतलं. ते गृहस्थ मंडी मोहल्ल्यातून स्वतः सुतार घेऊन आले होते. त्यांनी पट्टीचे स्क्रू आपल्या हाताने काढले, कापताना बाहेर जाऊन उभे राहिले, आणि कापलेला तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून घरी नेला. जाताना पट्टी नव्या टोकाला बसवून गेले. आत्याआजींना निरोप एवढाच: "चाकं पितळेला घासू देऊ नका म्हणावं."

पायऱ्यांचं काम पाळकसाहेबांनी केलं. तेच खाली उतरले. म्हणाले, यापुढे भाकर आणि प्याला पायऱ्यांच्या खाली, सगळ्यांना, आणि ज्यांना गुडघे टेकायचे त्यांनी नंतर वर जावं. बऱ्याच जणांना ते रुचलं नाही. खरं सांगते, मलाही नाही. कठड्याशी गुडघे टेकून, कोपरं त्या गार लाकडावर ठेवून भाकर घ्यायची मला लहानपणापासूनची सवय होती. ती सुटली, आणि अजून कधी कधी चुकल्यासारखं वाटतं.

फेब्रुवारीचा पहिला रविवार. आमचा बाक उठला. मी पुढे, माझ्यामागे आत्याआजी चाकं ढकलत, त्यांच्यामागे नर्सबाई. कुणी ढकलायला हात लावला तर त्या खेकसतील, म्हणून मी मागे वळून बघितलंसुद्धा नाही. मला भाकर मिळाली, मग त्यांना, मग नर्सबाईंना. कुणी थांबलं नव्हतं, कुणी बघत नव्हतं, मागच्या बाकांवर गाणं चालूच होतं. जागेवर परत आल्यावर नर्सबाई कुजबुजल्या, "इतके महिने कुठे होतीस?"

"तुझं गाणं चुकवत होते," आत्याआजी म्हणाल्या.

मी हे वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली. सर्दी खरीच होती म्हणे, पहिल्या रविवारची.

पाटी मी त्याच आठवड्यात काढली. दोन पायऱ्या अजून आहेत, वरच्या मजल्याची खोलीही आहे, पण कमिटी आता अंगणात बसते. तिसरा बाक तीन फूट आखूड आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी तुमच्या आत्याआजी त्या बाकाबरोबर पुढे जातात आणि माझ्यानंतर, नर्सबाईंच्या आधी, भाकर घेतात.