मामांचं दुसरं अर्थिंग

जगात जे जे बिघडतं ते अर्थिंग नीट नसल्यामुळेच, असं छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस मी पाहिला आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामा वीज खात्यातून निवृत्त झाले, पण त्यांच्या खिशातला टेस्टर अजून पेन्शनीत निघालेला नाही. लग्नाला गेले तरी नवरीच्या आधी मांडवातल्या वायरी पाहतात. माझं पित्त उसळलं तेव्हा "जावईबापू, चपला काढून जरा मातीत उभे राहा," हा उपचार त्यांनीच सांगितला होता. मी राहिलोही. पित्त उतरलं नाही. मुंग्या मात्र चढल्या.

नल्लकुंट्यातल्या त्यांच्या घरामागे मीठ-कोळसा घालून भरलेला अर्थिंगचा खड्डा आहे. उन्हाळ्यात त्यात पाणी ओतावं लागतं, एवढं खरं. पण मामा बारा महिने, भर पावसातसुद्धा, आंघोळ झाली की तांब्या घेऊन तिथे हजर. "तुळशीला पाणी घाला म्हटलं की यांची कंबर धरते," मामी म्हणतात, "खड्ड्यापुढे मात्र कसे वाकतात बघा!"

गेल्या वर्षी अमेरिकेतल्या मुलीने त्यांना लॅपटॉप पाठवला. आठ वर्षांची नात दर रविवारी सकाळी आजोबांना मराठी गोष्ट वाचून दाखवणार होती. इथे आमचीच पोरं दुकानांच्या तेलुगू पाट्या घडाघडा वाचतात आणि मराठी लग्नपत्रिका आईकडे देतात; तेव्हा तिकडची नात मराठी वाचणार म्हटल्यावर मामांनी गल्लीभर पेढे वाटले. आपल्यानंतर या घरात मराठी वाचणारं कुणी उरणार नाही, या एकाच धास्तीने त्यांना रात्री झोप नसायची. ऐकू कमी येतं म्हणून त्यांनी मोठे स्पीकर आणले, आणि लॅपटॉपच्या सन्मानार्थ त्याच्यापुरता दुसरा खड्डा खणून घेतला. स्पीकर जुन्या अर्थिंगवर, लॅपटॉप नव्या! खड्डा खणणारा वायरमन म्हणाला, "साब, एक घर कू दो-दो अर्थिंग कायकू? दोनों झगडते."

"मेरे कू नक्को सिखा," म्हणून मामांनी दुसरा तांब्या आणला.

पहिल्याच रविवारी स्पीकर घुमू लागला. जेवून उताणं पडलेलं कुणीतरी आत घोरत असावं तसा. मामांनी फ्रिज बंद केला, मामींचं दूध नासलं. पंखे बंद केले, मी नासलो. मोबाइल शेजाऱ्यांकडे ठेवले. दोन्ही खड्ड्यांना जादा पाणी पाजलं. घरघर कायम. तिच्यातून नातीचा एखादाच शब्द वर यायचा, मग बराच वेळ नुसतंच हूंऽऽ. "बघा जावईबापू," मामा कौतुकाने म्हणायचे, "प्रत्येक शब्दाला थांबते. अर्थ समजून वाचते पोरगी!"

एका रविवारी मी चहाचा कप घेऊन उठलो आणि लॅपटॉपच्या चार्जरच्या वायरीत पाय अडकून पडलो. पिन निघाली, लॅपटॉप बॅटरीवर गेला आणि स्पीकर एकदम गप्प झाला. विज्ञानाला मी दिलेलं हे एकमेव योगदान. दोन अर्थिंगांचं भांडण माझ्या पायाने मिटलं होतं.

त्या शांततेत मामांच्या मुलीची कुजबुज स्वच्छ ऐकू आली. "एका रानात..." पाठोपाठ नात, "एका रानात." मग पुन्हा कुजबुज, "ससा राहत होता..." मग पुन्हा नात.

मामी स्वयंपाकघरात निघून गेल्या. मी जमिनीवरूनच चार्जरची पिन चाचपू लागलो. मामांनी माझं मनगट धरलं. "राहू द्या."

गोष्ट संपेपर्यंत ते स्पीकरकडे पाहत होते. मग म्हणाले, "फार छान वाचलंस गं बाळा. आता पुस्तक आईला दे."

"बाबा, अहो, तिला अजून अक्षरं नीट..." मुलगी चाचरली.

"तू वाच. पहिल्यापासून. किती वर्षं झाली तुझं वाचन ऐकून."

ती वाचू लागली. पुस्तक तिच्याच लहानपणीचं, मामांना तोंडपाठ. दुसऱ्या पानावर एका जोडाक्षराला ती अडखळली. मामा लॅपटॉपजवळ सरकले आणि नातीला ऐकू जाऊ नये इतक्या हलक्या आवाजात त्यांनी तो शब्द तिला सांगितला.