रियाने सांगू नको म्हटलं होतं

मैत्रिणींनो, दुपारपासून मन थाऱ्यावर नाही.

आज इथे इंग्लंडमध्ये, मिल्टन कीन्सला मुलींच्या आंतरराष्ट्रीय आइस हॉकी स्पर्धेत माझी सोळा वर्षांची नात रिया खेळत होती. ती पडली, डोकं बर्फावर आपटलं, तरी हसत उठली.

ब्रेकमध्ये तिने विचारलं, "आजी, स्कोअर किती?" मी सांगितला. मिनिटभराने तिने पुन्हा तेच विचारलं. माझा चेहरा पाहून म्हणाली, "प्लीज, कोचला नको ना सांगू! उद्या फायनल आहे."

मी सांगितलं. डॉक्टरांनी तपासलं, मेंदूला मार बसल्याचं सांगून तिचं खेळणं थांबवलं.

लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत मी ताप लपवून शर्यतीला उभी राहिले, तेव्हा सिस्टरने मला बाहेर बसवलं होतं. मी वर्षभर त्यांच्याशी बोलले नाही. मग त्यांची बदली झाली.

गाडीत रिया एवढंच म्हणाली, "आजी, यापुढे माझ्या मॅचला येऊ नको."

नाही जाणार. पण तुमच्यापैकी कुणाची लेक किंवा नात या स्पर्धांमध्ये खेळत असेल, तर माझ्या रियाकडेही जरा लक्ष ठेवाल का?