पत्र्यावर फेकलेला दात

आम्ही बरकतपुऱ्यात राहत होतो तेव्हाची गोष्ट. परदेशी कोलाच्या बाटल्या नुकत्याच कोपऱ्यावरच्या दुकानात येऊ लागल्या होत्या आणि माझ्या आठ वर्षांच्या लेकीला बाटली तोंडाला लावून पळायची भारी हौस. मी ओरडायचे, ती पळायची. सुट्टीतल्या एका दुपारी मैत्रिणीचा धक्का लागला, काचेची बाटली दातांवर आपटली आणि पुढचा एक दात मुळासकट बाहेर आला.

ती घरी आली ती रडत नव्हे, मिरवत. फ्रॉकवर रक्तच रक्त. "आई, दात पडला! मी शेजारच्या पत्र्यावर फेकला पण!"

आमच्याकडे पडलेला दात छपरावर फेकतात, म्हणजे नवा छान येतो. सासूबाईंनी शिकवलेलं आणि तिने आजवरचे सगळे दात इमानेइतबारे फेकलेले. पण हा दुधाचा नव्हता, पक्का होता. हिला रागवावं की जवळ घ्यावं, कळेना.

वरच्या मजल्यावर घरमालकांकडे फोन होता. तिथून आबिड्स भागातल्या दातांच्या डॉक्टरांना लावला. ते म्हणाले, "आधी दात शोधा. मुळाला हात लावू नका, घासू नका. थंड दुधात टाका आणि लगेच निघा. जितका उशीर, तितकं तो परत रुजणं कठीण."

सासूबाईंनी नातीला पायरीवर बसवून तोंडात रुमाल दाबून धरला. मी पदर खोचून शिडीवर चढले. शेजारच्या बाई खालून शिडी धरून ओरडत होत्या, "हल्लू चढो, हल्लू! पत्रा कच्चा है!" मला कुठली पत्र्याची पडलीय! पत्रा नुसता भाजत होता. वाळका पाला, फुटका चेंडू, कुणाची तरी एकच चप्पल. दात पन्हळीत अडकलेला दिसला. मूळ सोडून टोकाला धरून उचलला.

"अगं, राखेनं घासून घे, पत्र्यावरच्या धुळीत पडलेला," सासूबाई म्हणाल्या.

"नको म्हणालेत ना ते!" मी जरा जोरातच बोलले. झाकणाच्या डबीत दूध घेतलं, त्यात दात टाकला आणि ऑटो पकडली.

डॉक्टरांनी दात जागेवर बसवला, तारेनं शेजारच्या दातांना बांधला. पुढे तो टिकलाही. त्यांचे उपकार मी विसरलेले नाही. पण त्या दिवसातलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते ऑटोतलं बोलणं.

काचीगुड्याच्या गर्दीत ऑटो अडकली होती. तिने तोंडातला रुमाल काढून विचारलं, "हा नाही बसला तर दुसरा येईल ना?"

हो म्हणणं किती सोपं होतं! ते ओठांवर आलंही होतं.

"नाही गं. हा शेवटचा."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

मग माझ्या हातातली डबी तिने काढून घेतली, दोन्ही हातांनी पोटाशी धरली, आणि तेव्हा कुठे ती रडायला लागली.