ईस्टरच्या गीतांची साथ

अर्धांगवायूच्या झटक्यातून उठले तेव्हा बोलणं परत आलं, चालणं परत आलं, डावा हात मात्र आला नाही. बेलापूरच्या आमच्या छोट्याशा मराठी ख्रिस्ती मंडळीत मी पस्तीस वर्षं उपासनेला कीबोर्ड वाजवत होते. प्रभूने नेमका हातच का घ्यावा, हे मी रोज विचारायची आणि उत्तर येत नाही म्हणून चिडायची. खरं सांगते, त्या दिवसांत माझी प्रार्थना म्हणजे भांडणच होतं.

ईस्टरला पाच आठवडे उरले होते. पाळकसाहेबांनी हळूच सुचवलं, यंदा तयार रेकॉर्डिंगवर गाऊ. पण आमच्या चाली माझ्या वडिलांनी बसवलेल्या. त्या कुठल्या रेकॉर्डिंगमध्ये मिळणार? मी नाही म्हटलं. मुलीने लॅपटॉपवर नोटेशनचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. पडद्यावरच्या पाच रेघांवर उजव्या हाताने एकेक स्वर ठेवायचा, मग लॅपटॉप तो वाजवून दाखवतो. कधी एका ओळीला अख्खी सकाळ जायची, मान आखडायची. तरी मी हटले नाही. चार आठवड्यांत ईस्टरच्या चारही गीतांची साथ लिहून झाली.

पहिल्याच तालमीत सगळं फसलं. स्वर अचूक होते, पण साथ पुढे आणि गाणारे मागे. वेग कमी केला तर गीत रडकं वाटायला लागलं. शेवटी आमच्यातली शुभांगी अवघडून म्हणाली, "काकू, हे आपल्यासाठी थांबतच नाही." घरी येऊन मी डोळे मिटले आणि भांडले नाही. एवढंच म्हटलं, माझ्याने इतकंच होतं, आता तू बघ.

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या मासेवालीऐवजी दिवाळे गावची एक अनोळखी म्हातारी दारात आली. आत लॅपटॉपवर त्यातलंच एक गीत वाजत होतं. बोंबील निवडता निवडता तिने मान वर केली.

"बाय, ह्यो वाजवनारा दम कवा घेतो?"

मी म्हटलं, वाजवणारा माणूस नाही, मशीन आहे.

"मशीन आसंल. पन गानारी मानसं हायत ना?"

ती गेली, आणि पुन्हा कधी दिसली नाही. ती कोण, कुणी पाठवली, याचा मी खल करत नाही. त्या दिवशी मी प्रत्येक ओळ स्वतः गाऊन पाहिली आणि जिथे माझा श्वास तुटला तिथे साथीत विराम ठेवला. पुढच्या तालमीला तिसऱ्या, शेवटच्या कडव्यापर्यंत सगळे एकत्र पोचले.

ईस्टरच्या सकाळी मी बटण दाबलं आणि मला करायला काहीच उरलं नाही. इतकी वर्षं मी मंडळीकडे पाठ करून वाजवत होते. त्या दिवशी प्रथमच गाणाऱ्यांच्या रांगेत उभी राहिले, आणि सगळ्यांचे चेहरे मला दिसले. मी प्रभूकडे माझा हात परत मागत होते. त्याने मला गायला उभं केलं. आता प्रार्थनेत मी थोडं बोलते, आणि मग गप्प बसून ऐकते.