पेरूची पानं, चांदी आणि दादाचे पाय

कॉलेजात तिला सगळे काढाबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण बाईंचे कान काही बहिरे नव्हते. शिकवायची रसायनशास्त्र, आणि तास संपला की प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात पेरूची पानं उकळत बसायची. मग लोक दुसरं काय म्हणणार? राग यायचा नाही असं नाही. चांगला यायचा. पण म्हणून पानं उकळायची थांबतात थोडीच!

काम सांगायला सोपं. पानं धुवायची, चिरायची, उकळून गाळायची. तो काढा सिल्व्हर नायट्रेटच्या, म्हणजे चांदीच्या क्षाराच्या पाण्यात घालायचा. पानांतली द्रव्यं त्या क्षारातून चांदीचे कण तयार करतात, डोळ्यांना न दिसणारे, आणि फिकट पाणी बघता बघता तपकिरी होतं. इतरांना त्यासाठी कसली कसली जहाल रसायनं लागतात, हिला परसातली पानं पुरायची. त्या तपकिरी पाण्याचे चार थेंब बुरशी पेरलेल्या काचेच्या थाळीत सोडले की भोवती स्वच्छ गोल पडायचा. बुरशी त्याच्या आत पाऊलच टाकायची नाही. त्या गोलावर बाईंचा जीव होता. लग्न, संसार राहूनच गेलं. उरला हा गोल, आणि थोरला भाऊ.

दादा पोहण्याच्या तलावावर रखवालदार. दिवसभर पाय ओले, त्यामुळे बोटांच्या बेचक्यांत कायमच्या चिखल्या, त्याही बुरशीच्याच. "आमची धाकटी म्हणजे बुरशीचा काळ," असं तलावावर ऐटीत सांगायचा आणि घरी येऊन कराकरा खाजवत बसायचा.

"अगं, दे की एक बाटली. घरात औषध, आणि मी खाजवून मरतोय."

"थाळीत चाललं म्हणजे माणसाच्या कातडीवर चालतं असं नाही, दादा. डॉक्टरांनी दिलेलं मलम लाव."

"लावायचं विसरतो."

"मग खाजव."

अशात बाईंचं नशीब उघडलं. एका मोठ्या विज्ञान परिषदेत या पानांच्या कामावर बोलायचं बोलावणं आलं. निवृत्तीच्या तोंडावर का होईना, आजवर नाकं मुरडणारेच समोर बसून ऐकणार होते. खोटं कशाला बोला, तिला ते हवंच होतं. आरशासमोर उभी राहून भाषण म्हणायची आणि दादा पलंगावरून टाळ्या वाजवायचा.

पण दादा घरात मोजे घालून वावरायला लागला. भर उकाड्यात!

"मोजे काढ."

"गार लागतं गं."

"दादा!"

काढले. बोटांच्या बेचक्या काळ्याकुट्ट. संध्याकाळी तिला न्यायला म्हणून प्रयोगशाळेत यायचा, तेव्हा या पठ्ठ्याने त्या तपकिरी पाण्याची एक शिशी खिशात टाकली होती. रोज लावायचा आणि तलावाच्या काठी उन्हात फिरायचा.

"साठी उलटली तुझी! चोऱ्या करतोस?"

"काळे तर काळे, खाज गेली बघ! पार गेली!" दादा खुशीत. "तुझं औषध खरं आहे. उगाच भितेस."

तिने त्याला ओढतच डॉक्टरांकडे नेलं. डाग हळूहळू जातील, पण हे पुन्हा लावायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. दादा निर्धास्त झाला. बाईंची मात्र झोप उडाली, कारण डाग ओळखीचे होते. हाताला सिल्व्हर नायट्रेट लागलं की पहिल्या वर्षाच्या पोरांची बोटं उजेडात अशीच काळी होतात. पण तिच्या पाण्यात तो क्षार उरलाच कसा? त्याची तर सगळी चांदी झालेली असायला हवी होती. झालेली असणार, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. पाणी तपकिरी झालं की काम झालं, ही तिची रीत. कण वेगळे काढून धुवायचे असतात, हे पोरांना घोकून शिकवणारी बाई स्वतः मात्र रंगावर विसंबत आली होती. दिव्याखाली अंधार तो हाच!

दुसऱ्या दिवशी तिने ते पाणी यंत्रात गरगर फिरवलं. कण तळाशी बसले. वरचं पाणी थोडं वेगळं काढून त्यात चिमूटभर मीठ टाकलं, तर ते दुधासारखं पांढरं झालं. मिठाने असं पांढरं होतं ते चांदीच्या क्षारामुळेच. म्हणजे क्षार होता, आणि भरपूर होता.

मग तिने धुतलेले कण एका थाळीत घातले, राहिलेलं वरचं पाणी दुसऱ्या थाळीत, आणि बुरशी वाढायची वाट बघत बसली. इतकी धास्ती तिला स्वतःच्या परीक्षेच्या निकालाचीही कधी वाटली नव्हती.

थाळ्या उघडल्या तेव्हा दादा न्यायला आलेलाच होता. वरच्या पाण्याभोवती तोच तिचा लाडका, ऐसपैस गोल. कणांच्या भोवती बुरशी थेट कडेपर्यंत आलेली, मधे जेमतेम नखाच्या धारेएवढी जागा. बाई स्टुलावर बसली आणि रडली.

"पण माझी खाज तर गेली ना?"

"गेली रे. नुसत्या सिल्व्हर नायट्रेटनेच गेली असणार. त्याला माझी पानं कशाला हवीत?"

"मी चोरलीच नाही शिशी, असं समज. माझ्याशिवाय कुणाला माहीत आहे?"

"मला आहे."

"मग परिषदेला जायचं नाही?"

"जायचं. दोन्ही थाळ्या घेऊन जायचं."

"लोक हसतील गं," दादा म्हणाला. "इतकी वर्षं हसलेच की. आता कुठे..."

बाईंनी डोळे पुसले.

"दादा, माझं ऐकून उद्या कुणी हे पायाला लावेल, कुणी लेकराच्या अंगाला. तू घरातला, म्हणून तुझे पाय मला दिसले. त्यांचे मला कोण दाखवणार?"