आधी तांबडीला

सगुणाबाई आमची शेजारीण. नवरा वारलेला, वय साठीच्या आसपास, घरात एकटी. तिचं माहेर धरणाच्या पाण्यात गेलं होतं. तेव्हापासून फुकट मिळालेल्या वस्तूला ती सहसा हात लावत नसे. म्हणायची, "सायबानं आदी पोरास्नी गूळ वाटला, मग साखळी टाकून जमीन मोजली."

आमच्याकडे भातलावणी सावडीनं होते. आज सगळ्या बाया एकीच्या खाचरात, उद्या दुसरीच्या. जी दिवस देत नाही तिला दिवस मिळत नाही. यात दया नाही, आणि नसावी. मी रस्त्यावर खडी फोडून जन्म काढला. अंग चोरणारा माणूस मला लांबून कळतो. सगुणाबाई त्यातली नव्हती. पण त्रेसष्ट सालच्या लावणीत दुपारनंतर तिची कंबर सरळ होईना. ती बांधावर बसली.

सावड चालवणारी साळूबाई चिखलातून ओरडली, "का गं, कंबर जड झाली का काम? पुढल्या साली अशी बसलीस तर तुजं खाचर तूच लाव!"

एकटीनं खाचर लावून होत नाही. लावणी चुकली की वर्षाचा भात गेला.

हिवाळ्यात दुखणं वाढलं, तेव्हा मी तिला पौडला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाठ दाबून पाहिली. हाडं ठिसूळ होत चालली आहेत म्हणाले. पांढऱ्या गोळ्या दिल्या, माशाच्या तेलाची बाटली दिली. दोन्ही फुकट.

"गोळी जेवल्यावर, तेल रोज चमचाभर. या वयात रक्तात चरबी साठते, तेव्हा तूप जपून खा."

"तूप दिवाळीला दिसतं, डाक्टर. बाकीचं तुमीच जपून ठिवलंय व्हय?"

गावात साळूबाईनं बाटली हुंगली. "सरकार पोरं बंद कराया गोळ्या देतंय म्हणं."

"माजं काय ऱ्हायलंय बंद कराया?"

"मग जमिनीसाठी आसंल."

जमिनीचं नाव निघताच सगुणाबाईनं बाटली तिच्या हातून काढून घेतली.

तिची तांबडी कोंबडी तेव्हा कवच नसलेली, नुसत्या कातड्याची अंडी घालत होती. सगुणाबाईनं विचार केला, गोळी हाडाची असेल तर कवचालाही लागेल, विषाची असेल तर कोंबडी मरेल. तिनं गोळ्या कुटून कोंड्यात कालवल्या. तेल पोटात घ्यायचा धीर झाला नाही, म्हणून कमरेला चोळलं. गल्लीतली मांजरं तिच्या मागं फिरू लागली.

मी विचारायचो, "वयनी, गोळ्या चालू हायेत न्हवं?"

"हायेत की."

एके दिवशी तिनं मला हाक मारली. अंडं उंबऱ्यावर हळूच आपटलं. टक् वाजलं.

"भावजी, गोळ्या खऱ्या हायेत."

"तुमी किती खाल्ल्या?"

"एक बी न्हाई. आदी बघाया नगं?"

मला राग आला. आख्खा हिवाळा वाया गेला होता. पुन्हा पौड गाठलं. या वेळी तिनं गोळ्या खाल्ल्या, नाक दाबून तेलही प्यायली.

लावणी आली. साळूबाईनं तिला मुद्दाम आपल्या शेजारी घेतलं, नजर ठेवायला. दोघी वाकून रोपं टोचत मागं मागं सरत गेल्या. सगुणाबाई सावकाश होती, पण थांबली नाही. भाकरीच्या वेळी ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि सरळ उभी राहिली. साळूबाईनं तिनं लावलेली रोपं जागोजाग ओढून पाहिली. एकही हाताला आलं नाही.

"उद्या हिच्या खाचरात," ती म्हणाली.

गोळ्यांनी झालं की आणखी कशानं, मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. सगुणाबाईला विचारलं तर म्हणायची, "तांबडीला इचारा." नव्या गोळ्या आल्या की पहिली तांबडीलाच जायची.

त्या हिवाळ्यात साळूबाईचे गुडघे धरले. पौडहून गोळ्या घेऊन ती घरी न जाता थेट सगुणाबाईच्या दारात आली.

"तुजी तांबडी दोन दिस दे गं."