साहेबांनी टाकलेला शब्द

कारेगावला एका कंपनीच्या गेटवर मी गार्ड होतो. खोली जवळच, चालत जाण्यासारखी. बायको शेजारच्या कंपनीत पॅकिंगला, पोरगी दहावीला. सुपरवायझरनं मला बजावलं होतं, "शिफ्ट सुटताना गेट मोकळं पायजे. पुन्हा बस अडकल्या तर तुम्हाला दौंडच्या साईटवर टाकीन." दौंडला गेलो की घराचे दोन तुकडे.

आता गेट मोकळं ठेवणं माझ्या हातात असतं तर गोष्ट वेगळी. पण पोलीस आले की त्यांची जीप बरोबर गेटच्या तोंडावर. चार पावलं चालायला यांच्या पायांना मेंदी लागलेली असते की काय, देव जाणे. वर्दी माझ्याही अंगावर असायची, पण त्यांच्यासाठी मी "ए वॉचमन".

त्या दिवशी तांब्याच्या तारेच्या चोरीची चौकशी करायला एक साहेब आले. ड्रायव्हरनं जीप आडवी लावली. मी म्हणालो, "साहेब, गाडी जरा बाजूला घ्यायला सांगता का? आता बस सुटतील."

"पाच मिनिटात आलो. गाडीकडं लक्ष ठेव."

ड्रायव्हरही चावी खिशात घालून त्यांच्या मागं कॅन्टीनला गेला.

भोंगा झाला. आत बसची रांग लागली, हॉर्नवर हॉर्न. बसमधली परप्रांतीय पोरं "हटाओ भाई, हटाओ" म्हणून माझ्यावरच डाफरायला लागली. जसं काय जीप माझ्या बापाची. शेवटी कॅन्टीनकडं पळालो. साहेब वडापाव खात होते. "थांब की रे, खाऊ तर दे." थांबलो. दुसरं काय करणार, हात धरून उठवू? परत आलो तर माझ्या रिकाम्या खुर्चीपाशी सुपरवायझर उभा. म्हणजे आता गेट सोडल्याचंही माझ्याच डोक्यावर.

साहेब बाहेर आले तवा मी त्यांना सगळं सांगितलं, दौंडचं, घरचं. "एवढंच व्हय? मी बोलतो," ते म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला.

त्यांनी सुपरवायझरच्या खांद्यावर हात ठेवला. "याला काही करू नका. लई कामाचा माणूस हाय. आम्ही कवाबी आलो तरी गाडी इथंच लावतो आन् हा ती बरोबर सांभाळतो. कधी कुरकुर न्हाई."

सुपरवायझरनं वही काढून माझं नाव लिहून घेतलं.

निघताना साहेबांनी काच खाली केली. "तुझ्यासाठी शब्द टाकलाय बरं का." मी सॅल्यूट ठोकला, सवयीनं.

आता मी दौंडला असतो. पोरगी फोनवर विचारते, "पप्पा, तुमच्यासाठी ते साहेब बोलले होते ना?"

"व्हय बाई," मी म्हणतो, "ते बोलले म्हणून तर इथं हाय."